दप्तरदार चिं. वि. जोशी आणि आपलं दप्तर



'दप्तर' हा शब्द आपण शाळेत दिवसातून किती वेळा वापरतो, कधी मोजलंय का? मुलांच्या पाठीवर असतं ते दप्तर. मुख्याध्यापकांच्या कपाटात असतं तेही दप्तर. केंद्रप्रमुख येणार म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, तो दप्तर तपासणीमुळे. आणि इतिहासाच्या पुस्तकात पेशवे दप्तर असतं ते निराळंच. शब्द एक, पण मुलाच्या पाठीपासून थेट राजवाड्यापर्यंत पोहोचलेला.

आज ज्यांच्याविषयी लिहिते आहे, त्यांनी एका मोठ्या संस्थानाचं दप्तर सांभाळलं. पण महाराष्ट्र त्यांना दप्तरासाठी ओळखत नाही. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचे जन्मदाते म्हणून. होय, चिंतामण विनायक जोशी. आपल्या सगळ्यांचे चिं. वि. जोशी.

विनोदी लेखक म्हणून त्यांची ओळख आपण मुलांना करून देतो. हसतो, हसवतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. पण हाच माणूस पाली भाषेचा पंडित होता, जुन्या हस्तलिखितांचा अभ्यासक होता, आणि आपल्यासारखा शिक्षकही होता, हे सांगायचं राहून जातं. मला वाटतं, त्यांचं हसवणं आणि त्यांचं कागद जपणं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. ते कसं, हे आज सांगायचा प्रयत्न करते. शेवटी माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे. ती चूक झाली नसती तर कदाचित हा लेख मी लिहिलाच नसता.

जन्म आणि शिक्षण

चिं. विं.चा जन्म १९ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. वडील काही काळ 'सुधारक' या पत्राचे संपादक होते. 'सुधारक' म्हणजे आगरकरांनी १८८८ साली सुरू केलेलं पत्र. समाजात जे चुकीचं दिसतं ते न घाबरता लिहायचं, ही त्या पत्राची रीत. अशा घरात छापील आणि लिहिलेला कागद ही रोजच्या जेवणाइतकीच सवयीची गोष्ट असणार.

पुढचं शिक्षणही पुण्यातच, फर्गसन कॉलेजात झालं. तिथे त्यांना एक गुरू भेटले आणि आयुष्याला दिशा मिळाली. ते गुरू म्हणजे धर्मानंद कोसंबी.

कोसंबींची गोष्ट आपल्या कोकणपट्टीच्या शेजारची आहे. १८७६ साली गोव्यातल्या साखवाळ गावी त्यांचा जन्म झाला. बुद्धाविषयी वाचलं आणि त्या ओढीने १८९९ साली त्यांनी घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ असं फिरत फिरत ते थेट श्रीलंकेला पोहोचले, तिथे पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. कॉलेजची पदवी नसलेला हा माणूस अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एका पाली ग्रंथाच्या संपादनासाठी जाऊन आला आणि १९१२ पासून १९१८ पर्यंत फर्गसन कॉलेजात पाली शिकवत होता. चिं. वि. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्यांनी पाली विषय घेऊन एम. ए. केलं आणि पाली शिकणाऱ्यांसाठी इंग्रजीतून एक पाठ्यपुस्तकही लिहिलं. ते १९१६ साली निघालं. तेव्हा त्यांचं वय होतं फक्त चोवीस!

रत्नागिरीचा धागा

बडोद्याला प्राध्यापक होण्याआधी चिं. विं.नी काही काळ शाळेत शिक्षकाची नोकरी केली. अमरावतीला केली आणि आपल्या रत्नागिरीलाही केली. म्हणजे ज्या गावात आपण प्रशिक्षणाला जातो, ज्या रस्त्यांवरून सहलीची मुलं नेतो, तिथे एके काळी हे जोशी मास्तर वह्या तपासत होते.

पाली भाषा म्हटली की मुलांना ती फार लांबची वाटते. रत्नागिरीकरांना ती तशी वाटायचं कारण नाही. आपल्याकडे थिबा पॅलेस आहे ना! ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी पकडून १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० साली त्याच्यासाठी तो राजवाडा बांधून झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात इथेच त्याचं निधन झालं. हा राजा तरुणपणी बौद्ध विहारात शिकलेला होता. त्याचे वडील राजा मिंडॉन यांनी तर मंडालेत सगळा त्रिपिटक ग्रंथ ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतला होता. तो कोरला होता पालीत. कागद कुजतो, ताडपत्राला कीड लागते, म्हणून दगडावर! आणि पाहा, चिं. विं.चं पाली पाठ्यपुस्तक आणि थिबाचं निधन, दोन्हींचं साल एकच, १९१६. थिबा पॅलेस दाखवायला मुलांना नेलंत तर पालीची आणि या जोशी मास्तरांची गोष्ट तिथेच सांगा. इतिहास आणि मराठी हे दोन तास एकाच झाडाखाली होतील.

बडोदे

१९२० च्या सुमारास चिं. वि. बडोद्याला गेले. बडोदे तेव्हा काही साधं गाव नव्हतं. तिथे सयाजीराव गायकवाडांचं राज्य होतं. सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आपण आज हक्क म्हणून सांगतो. सयाजीरावांनी ते १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात लागू केलं होतं. गावोगावी ग्रंथालयं, पेट्यांमधून फिरणारी पुस्तकं, जुन्या संस्कृत पोथ्या गोळा करून छापणारी ग्रंथमाला असं सगळं तिथे चाललेलं. पोथीला आणि पुस्तकाला मान असलेलं ते राज्य होतं.

अशा ठिकाणी चिं. वि. कॉलेजात पाली शिकवू लागले. पुढे संस्थानच्या दप्तरखात्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आजच्या भाषेत सांगायचं तर ते पुराभिलेखागाराचे प्रमुख झाले.

हे काम नेमकं काय असतं, ते मुलांना सांगताना मला नेहमी आपल्या शाळेचं कपाट आठवतं. जुन्या राज्यातले कागद म्हणजे हिशेब, पत्रं, सनदा, निवाडे, इनामांच्या नोंदी. बहुतेक मोडी लिपीत, बोरूने लिहिलेले, हात न उचलता एका दमात ओढलेल्या अक्षरांचे. असे कागद गठ्ठा करून कापडात बांधून ठेवत. त्या गठ्ठ्याला म्हणायचं रुमाल. एकेक रुमाल सोडायचा, कागद उलगडायचा, वाचायचा, तो कोणी कोणाला कधी लिहिला ते ठरवायचं, यादीत नोंद करायची आणि पुन्हा होता तसा बांधून ठेवायचा. दिवसभर बसून दहा कागद झाले तरी पुष्कळ. टाळ्या नाहीत, सत्कार नाही. पण कधीतरी कोणाच्या जमिनीचा, कोणाच्या हक्काचा, कोणाच्या खापरपणजोबाच्या नावाचा प्रश्न निघतो आणि तेव्हा तो एकच कागद बोलतो.

आपल्याला हे नवीन नाही. जनरल रजिस्टरमधली एक ओळ शोधत लोक आपल्याकडे येतातच की. आजोबांची जन्मतारीख, पणजोबांची जात, आडनावातली एक वेलांटी. त्या एका ओळीवर नातवाचं शिक्षण अडलेलं असतं. ती ओळ पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुठल्यातरी गुरुजींनी नीट अक्षरात लिहिली आणि नंतरच्या प्रत्येकाने ते रजिस्टर जपलं, म्हणून दाखला देता येतो.

हस्तलिखितांचा गुप्तहेर

चिं. विं.चं दुसरं मोठं काम पाली ग्रंथांच्या संपादनाचं. लंडनमध्ये १८८१ साली पाली टेक्स्ट सोसायटी नावाची संस्था स्थापन झाली. जुने पाली ग्रंथ तपासून, शुद्ध करून छापायचे हे तिचं काम. या संस्थेसाठी चिं. विं.नी 'सद्धम्मप्पकासिनी' हा ग्रंथ संपादित केला. त्रिपिटकातल्या 'पटिसंभिदामग्ग' या ग्रंथावरची ही जुनी टीका, महानाम नावाच्या भिक्षूने लिहिलेली. तिचा पहिला भाग १९३३ साली निघाला आणि तिसरा १९४७ साली. मधे चौदा वर्षं गेली, एक महायुद्ध होऊन गेलं.

ग्रंथ तर आधीच लिहिलेला होता, मग चौदा वर्षं कशाला लागली? हा प्रश्न मुलांनाही पडतो. इथेच खरी गंमत आहे. जुन्या ग्रंथाची मूळ प्रत सहसा शिल्लक नसते. उरतात त्या नकलेच्या नकलेच्या नकला. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लिपीत, सयामात आणखी तिसऱ्याच. ताडपत्रावर अणकुचीदार सळईने अक्षरं कोरायची, वरून काजळी आणि तेल चोळायचं, म्हणजे कोरलेलं काळं होऊन दिसू लागतं. शंभर-दीडशे वर्षांनी ते पान जीर्ण झालं की कोणीतरी नवी नक्कल करायची. आणि नक्कल करताना माणूस चुकतोच.

कसा चुकतो, ते आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार! फळ्यावरून उतरवून घेताना आपली मुलं 'घ'चा 'ध' करतात, 'भ'चा 'म' करतात, 'ख'चा 'रव' करतात. दोन ओळींत एकच शब्द आला की डोळा वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर घसरतो आणि मधला मजकूर गायब होतो. एखादं हुशार पोर तर न कळलेल्या शब्दाच्या जागी स्वतःच्या मनाने सोपा शब्द लिहून मोकळं होतं. हजार वर्षांपूर्वीचे लेखनिकही नेमकं हेच करत होते.

मग संपादकाने काय करायचं? सगळ्या प्रती शेजारी शेजारी ठेवायच्या आणि शब्द शब्द ताडून पाहायचा. कुठला पाठ मूळचा, कुठला नंतर बिघडलेला? आणि कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून उतरवली? हे ओळखायची युक्ती आपण प्रत्येक चाचणीत वापरतो. दोन मुलांची उत्तरं बरोबर आली तर आपल्याला काहीच कळत नाही. पण दोघांनीही नेमकी एकसारखीच चूक केली असेल, तर एकाने दुसऱ्याची वही पाहिली आहे हे लगेच कळतं. हस्तलिखितांचे अभ्यासकही तसंच करतात. दोन प्रतींमधल्या सारख्या चुका पाहून त्यांचं नातं शोधतात. म्हणजे हे काम सरळ सरळ गुप्तहेराचं आहे. खून नाही, दरोडा नाही. गुन्हा एवढाच की वाटेत कोणीतरी एक अक्षर चोरलंय, आणि चोर हजार वर्षांपूर्वीच मरून गेलाय!

आणि त्याच वेळी चिमणराव

आता तारखांकडे नीट लक्ष द्या. १९३२ साली 'एरंडाचे गुऱ्हाळ' हा चिं. विं.चा विनोदी कथांचा संग्रह आला. १९३३ साली 'चिमणरावाचे चऱ्हाट' आलं. म्हणजे ज्या वर्षी त्यांच्या पाली ग्रंथाचा पहिला भाग निघाला, त्याच वर्षी चिमणरावही पुस्तकातून लोकांच्या घरात शिरले. पुढे 'वायफळाचा मळा', 'आणखी चिमणराव', 'ओसाडवाडीचे देव', 'गुंड्याभाऊ' अशी पुस्तकं येत राहिली. एकाच टेबलावर एका बाजूला महानाम भिक्षू आणि दुसऱ्या बाजूला गुंड्याभाऊंचा सोटा, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं.

चिमणराव जोग म्हणजे कोण? पुण्यातला एक साधा कारकून. घरात आई, बायको काऊ, मुलं मोरू, मैना आणि राघू. जोडीला आतेभाऊ-मावसभावांच्या गोतावळ्यातला दणकट गुंड्याभाऊ, कुठलाही प्रश्न ताकदीने सुटतो असा विश्वास असलेला. चिमणराव किरकोळ, भित्रे, पण स्वतःला धोरणी समजणारे. लग्न जमवणं, प्रवास, आजारपण, पाहुणे, उसनवारी, असं काहीही साधं निघालं की या दोघांच्या हातून त्याचा विचका ठरलेला. ही सगळी हकिगत चिमणराव स्वतः सांगतात, अगदी गंभीरपणे, जणू सरकारी अहवाल लिहितायत. आपलं हसं होतंय हे त्यांना कळत नाही, ते वाचणाऱ्याला कळतं. हसू येतं ते तिथून.

आणि इथेच मला दप्तरदार दिसतो. जुने कागद वाचणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. माणूस लिहितो एक आणि त्यातून दिसतं दुसरंच. अर्जदार स्वतःला निर्दोष म्हणतो, पण त्याच्याच वाक्यात त्याचा लबाडपणा उघडा पडलेला असतो. हिशेबनीस काटकसरीची फुशारकी मारतो आणि खालीच मेजवानीचा खर्च लिहिलेला असतो. असे कागद वर्षानुवर्षं वाचलेल्या माणसाला ओळींच्या मधलं वाचायची सवय लागते. चिमणराव म्हणजे तसाच एक कागद आहे. तो खोटं बोलत नाही, पण त्याने सांगितलेलं जसंच्या तसं धरायचंही नाही. वाचकाने त्याला पकडायचं.

दुसरी गोष्ट नोंदीची. त्या काळातलं पुण्याचं मध्यमवर्गीय घर कसं होतं, लग्नं कशी जुळत, हुंड्याच्या बोलणीत कोण काय बोले, बायकांना शिकवावं की नको यावर घरात काय कुरबुर चाले, नव्या फॅशनला जुनी माणसं कशी नाकं मुरडत, हे सगळं चिमणरावांच्या हकिगतींत जपलेलं आहे. सरकारी दप्तरात काऊच्या स्वयंपाकघराची नोंद कोण ठेवणार? ती चिं. विं.नी ठेवली. आणि ती ठेवताना कोणाचा अपमान केला नाही. चिंतामण आणि चिमण, नावातही फार अंतर नाही. त्यांनी जो हसण्याजोगा माणूस निवडला, तो आपल्याच नावाच्या जवळचा निवडला.

पालीतल्या कथांचं ऋणही त्यांनी फेडलं. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथा साडेपाचशेच्या आसपास आहेत. त्यातल्या काही त्यांनी 'जातकातील निवडक गोष्टी' या पुस्तकात १९३० साली मराठीत आणल्या. बुद्धाचं चरित्र सांगणारं 'शाक्यमुनी गौतम' १९३५ साली आलं. आपल्या पाठ्यपुस्तकांतून बोलणारी माकडं, मगरी, हत्ती, ससे भेटतात, त्यातल्या कितीतरी गोष्टींचं मूळ या जातकांमध्ये आहे.

चिमणराव पुढे पडद्यावरही गेले. मास्टर विनायक यांनी 'लग्न पहावे करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) हे चित्रपट चिं. विं.च्या कथांवरून काढले. दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी लोकांनी डोक्यावर घेतली. नंतर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आले, आणि आपल्या आईवडिलांच्या पिढीने शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर मांडी घालून ती मालिका पाहिली.

१९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. निवृत्तीनंतर चिं. वि. पुण्यात राहिले आणि लिहीत राहिले. शेवटपर्यंत दोन्ही हात चालू होते. 'हास्यचिंतामणी' १९६१ मध्ये आलं, तर 'बुद्धसंप्रदाय व शिकवण' १९६३ मध्ये. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. वय होतं एकाहत्तर.

माझी चूक

आता सुरुवातीला कबूल केलेली गोष्ट.

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या गावातल्या शाळेत होते. पावसाळ्याआधी छपराचं काम निघालं. वर्ग रिकामा करायचा होता. एका कपाटाला वाळवी लागली होती. मी आणि मुलांनी मिळून सगळं बाहेर काढलं. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रकं, शालेय पोषण आहाराच्या नोंदवह्या, सगळं व्यवस्थित बाजूला ठेवलं. अ, ब, क, ड वर्गीकरण आपल्याला पाठ असतं. अ म्हणजे कायम, ब म्हणजे तीस वर्षं, वगैरे. खालच्या कप्प्यात शाळेच्या जुन्या हस्तलिखित अंकांचा गठ्ठा होता. मुलांनी हाताने लिहिलेले, चित्रं काढलेले, पुठ्ठ्यात शिवलेले वार्षिक अंक. कडा कुरतडलेल्या, कसर लागलेली. हस्तलिखित अ मध्येही नव्हतं आणि ड मध्येही नव्हतं. माझ्या यादीत त्याला जागाच नव्हती. मी तो गठ्ठा रद्दीत दिला. एकदा उघडूनही पाहिला नाही.

त्याच वर्षी गणपतीत मुंबईहून गावी आलेले एक गृहस्थ शाळेत आले. पन्नाशीचे असतील. त्यांच्या मोठ्या बहिणीने सातवीत असताना अंकात रांगोळीचं चित्र काढलं होतं आणि गावच्या विहिरीवर दोन पानं लिहिली होती. बहीण लहानपणीच गेली. घरात तिचा फोटो नव्हता, अक्षर नव्हतं, काहीच नव्हतं. तो अंक मिळाला तर एकदा बघायचा होता, जमलं तर मोबाईलवर फोटो काढून आईला दाखवायचा होता. आई ऐंशीच्या पुढची.

मी कपाट उघडलं. नवीन रंग दिलेलं, स्वच्छ कपाट. ते काही रागावले नाहीत. शाळा छान ठेवलीय म्हणाले आणि गेले. तेवढ्यानेच मला जास्त लागलं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी चिं. वि. वाचायला घेतले होते, मुलांना सांगायला एखादी विनोदी गोष्ट मिळावी म्हणून. त्यांच्या आयुष्याची माहिती काढताना कळलं की हा माणूस दप्तरखात्याचा प्रमुख होता. हसता हसता मी थांबले. त्यांनी परक्यांचे कागद जपले, आणि मला माझ्याच शाळेतल्या मुलांचे जपता आले नाहीत.

मग आपण काय करायचं?

चिं. वि. शिकवताना मी आता दोन गोष्टी करते. तुम्हीही करून बघा.

पहिली गोष्ट, नकलेचा खेळ. सात-आठ ओळींचा, थोडे अवघड शब्द असलेला उतारा घ्या. पहिल्या मुलाला तो द्या. त्याने लिहिलेली नक्कल दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी सहा मुलांची रांग करा. दुसऱ्या गटालाही तोच उतारा देऊन दुसरी रांग करा. मग मूळ उतारा लपवा आणि बाराही कागद फळ्यावर लावा. कुठली नक्कल कुठल्या नकलेवरून झाली आणि मूळ वाक्य काय असेल, ते उरलेल्या मुलांनी चुकांवरून शोधायचं. चौथी-पाचवीची मुलं यात इतकी रंगतात की मधली सुट्टी विसरतात. शुद्धलेखनाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही. आणि चूक म्हणजे फक्त लाल शाई नव्हे, चुकीतूनही माग लागतो, हे त्यांना आपोआप कळतं.

दुसरी गोष्ट, हस्तलिखिताची राखण. खर्च जवळजवळ नाही.

१. शाळेत जुने अंक असतील तर आजच मोजा आणि ग्रंथालयाच्या किंवा जडवस्तू नोंदवहीत त्यांची नोंद करा. एकदा नोंद झाली की निर्लेखन केल्याशिवाय कोणाला ते टाकता येणार नाहीत. माझ्यासारख्या घाईत असलेल्या बाईंनाही नाही.

२. सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना काढा, आपल्या हवेत त्या गंजतात. सुती दोऱ्याने बांधा.

३. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, भिंतीला न टेकवता, जमिनीपासून वर ठेवा. जुने लोक रुमाल बांधत ते उगीच नव्हे. पावसाळा संपला की सावलीत उघडून वारा द्या, उन्हात नको.

४. प्रत्येक पानाचा मोबाईलवर सरळ फोटो काढा. फाईलला वर्ष आणि इयत्तेचं नाव द्या. पण फोटो काढला म्हणून मूळ अंक टाकू नका.

५. यंदाचा अंक काढताना प्रत्येक लेखाखाली मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता आणि वर्ष लिहायला लावा. जुना कागद हाती आला की पहिली अडचण हीच असते, की हे लिहिलं कोणी आणि कधी.

पालकांनाही एक विनंती. वर्ष संपलं की मुलांच्या सगळ्या वह्या रद्दीत जातात, जाऊ देत. पण निबंधाची एक वही दरवर्षी काढून ठेवा. दहा वर्षांच्या दहा वह्या एका पिशवीत मावतात. त्यात तुमच्या घराबद्दल मुलाने काय काय लिहून ठेवलंय, ते वाचून तुम्हीही चिमणरावांच्या घरच्यासारखे हसाल. बाबांच्या घोरण्यापासून आजीच्या औषधाच्या डबीपर्यंत सगळी खरी नोंद तिथेच असते.

आमच्या आताच्या शाळेत गेल्या तीन वर्षांचे अंक एका पांढऱ्या कापडात बांधलेले आहेत. त्याला मुलांनीच नाव दिलंय, रुमाल. नोंदवहीत क्रमांक आहे. दर नोव्हेंबरात आम्ही तो सोडतो, पानं उलटतो, थोडं हसतो आणि पुन्हा बांधून ठेवतो. बांधायची पाळी कोणाची, यावर दरवर्षी भांडण होतं.

त्या गृहस्थांना मी काही देऊ शकले नाही. पण पुढे कोणी आपल्या बहिणीचं अक्षर शोधत आलं, तर निदान कपाट रिकामं नसेल.

तुमच्या शाळेत सर्वांत जुनं हस्तलिखित कुठल्या सालचं आहे? उद्या शाळेत गेलात की कपाटाचा खालचा कप्पा जरूर उघडून बघा.